माळ्यावरून आलेले बूट

दाताच्या डॉक्टरांनी चमचेकाकांना तोंड मिटायला सांगितलं, आणि दवाखान्याचा जिना उतरता उतरता त्यांच्या उजव्या बुटानं आ वासला. पुढचा सोल पार पंजापर्यंत सुटला आणि लोंबायला लागला. पाय उचलला की तो मागे राहायचा, टेकला की फटकन आपटायचा. जिना चढणाऱ्या एका बाईंनी बाजूला होऊन वाट दिली. त्यांना वाटलं, कोणीतरी टाळ्या वाजवत खाली येतंय.

खाली औषधांचं दुकान होतं. काकांनी रबरबँड मागितला. पण अर्धं तोंड बधिर. ओठांतून जे काही बाहेर पडलं त्यातलं काउंटरवरच्या मुलीला फक्त 'बँड' ऐकू आलं, आणि तिनं लगबगीनं बँडेजचं भेंडोळं पुढे केलं. काकांनी मानेनं नको म्हटलं आणि बुटाकडे बोट दाखवलं. मुलीला वाटलं, पाय मुरगळला. तिनं खुर्ची आणली, पाणी आणलं. एवढ्या आपुलकीपुढे काकांनी हात टेकले, बँडेज घेतलं आणि बुटावरूनच गच्च गुंडाळलं.

एका पायाला पांढरी पट्टी आणि एक गाल सुजलेला, असा माणूस दारात उभा राहिल्यावर काकूंच्या जिवाचं काय होणार?

"अगं बाई! दात काढायला गेला होतात ना?"

काकांनी हातानंच 'थांब' म्हटलं, खुर्चीत बसले आणि पट्टी सोडली. बूट पुन्हा उघडला. काकूंनी तो उचलून घेतला, आत डोकावून पाहिलं, बोटानं सोल वरखाली केला आणि निकाल देऊन टाकला.

"गेला."

"दुलुत्त होईल," काका बोबडं बोलले.

"बघू. आधी तुमची जीभ दुरुस्त होऊ दे."

काकांचं खरं नाव बाजारात कुणालाच ठाऊक नव्हतं. अख्खी उमर त्यांनी चपला-बुटांच्या एका दुकानात काढली होती. शर्टाच्या वरच्या खिशात कायम पितळी चमचा असायचा. बूट पायात सरकवायला टाचेमागे घालतात, तो. त्यात दुकानाच्या मालकांचा त्यांच्यावर जरा जास्तच जीव. शेजारच्या दुकानदारांनी दोन्ही अर्थ एकाच शब्दात बसवले आणि त्यांना 'चमचा' करून टाकलं. केस पांढरे झाले तसं त्या नावामागे 'काका' लागलं. त्यांना त्याचा कधी राग आला नाही. "चमच्याशिवाय बूट चढतो का पायात?" एवढंच म्हणायचे.

दुकान अरुंद आणि लांबलचक होतं. दोन्ही बाजूंना बाकं, बाकांपुढे उतरती फळी लावलेली बुटकी स्टुलं. गिऱ्हाईकानं त्या फळीवर पाय ठेवायचा आणि काकांनी स्टुलावर बसून बूट चढवायचा. भिंतींच्या तळाला आरसे होते, माणसाला गुडघ्याखालचंच स्वतःचं रूप दाखवणारे. काका म्हणायचे, "चेहरा माणूस घरून ठीकठाक करून आणतो. खरा तो आमच्याकडे दिसतो."

मालकांचा धंद्याचा एक नियम होता. गिऱ्हाईक जुने बूट घालून आलं, की त्या बुटांना नावं ठेवायची नाहीत. नवा जोड पायात चढवायचा, जुना शेजारी नीट मांडून ठेवायचा आणि गप्प बसायचं. फार तर म्हणायचं, "खूप सेवा केली हो यांनी." बस्स. माणूस एकदा नव्याकडे बघतो, एकदा जुन्याकडे, आणि आपणहून म्हणतो, "हे टाकून द्या." काकांच्या तोंडात ते वाक्य इतकं मुरलं होतं, की एकदा सासऱ्यांच्या निरोपसमारंभातही ते त्यांच्याबद्दल तेच बोलून गेले होते.

दुकानाच्या डोक्यावर लाकडी माळा होता. सगळा माल तिथे. बरोबर मध्यावर एक चौकोनी भोक, टोपलीएवढं. खालून ओरडायचं, "सात, काळा, नाडीचा!" की वरून खोका यायचा. काकांनी दोन्ही हात वर करून तो झेलायचा. काका नवे असताना वर एक म्हातारा असायचा. तो माणसांवर रागावलेला होता आणि तो राग खोक्यांवर काढायचा. खोका डोक्यात बसणं ही तेव्हा रोजची गोष्ट होती. तो म्हातारा काम सोडून गेला आणि मालकांनी तात्पुरती सोय म्हणून आपल्या भाचीला वर चढवलं.

पहिल्या दिवशी काका सवयीनं मान आखडून, डोळे मिटून उभे राहिले. खोका अलगद हातात आला. दोन्ही कडांना धरून कोणीतरी तो सोडला होता, फेकला नव्हता. काकांनी डोळे उघडले तर भोकातून फक्त एक हात मागे जाताना दिसला, मनगटापर्यंत धुळीनं माखलेला.

"लागलं नाही ना?" वरून आवाज आला.

त्या दुकानात काकांना असं आजवर कुणी विचारलं नव्हतं.

मग ते दोघं बोलायला लागले. पण दुकानात गिऱ्हाईक, गल्ल्यावर तिचे मामा, बोलणार काय? जे बोलायचं ते बुटांच्या भाषेतच. "आज मोठा नंबर नाही का?" म्हणजे आज गप्प का. "कडक चामडं आहे, जपून" म्हणजे मामांचं डोकं आज ठिकाणावर नाही. काकांना चेहरा दिसायचा तो फक्त सकाळ-संध्याकाळ, तोही शिडीवरून चढता-उतरताना, तेही सगळ्यांदेखत. पुढे कितीतरी वर्षांनी काकू सांगायच्या, "मला वरून ह्यांचा भांगच तेवढा दिसायचा. रोज इतका सरळ भांग पाडणारा माणूस लबाड असणार नाही, एवढ्यावर मी होकार दिला. चेहरा मागाहून पटला."

एका दुपारी दुकानात दोन-तीनच गिऱ्हाइकं होती. काकांना काय लहर आली कोण जाणे. त्यांनी मान वर करून हाक दिली, "नऊ नंबर, जांभळा, चांदीच्या बकलाचा!"

असा बूट दुकानात काय, जगात नसेल. वर पावलं एका कोपऱ्याकडे गेली. मग खोका आला. काका तो हळूच बाजूला सरकवणार, तेवढ्यात बाकावरच्या एका उत्साही गृहस्थांनी "बघू बघू, जांभळा कसा दिसतो" म्हणत झाकण उघडलं. आत भाजलेले शेंगदाणे.

मालकांनी एकदा खोक्याकडे पाहिलं, एकदा छताकडे आणि मग काकांकडे. ते गृहस्थ तोवर शेंगदाणे खायला लागले होते.

संध्याकाळी शटर ओढताना मालक म्हणाले, "हे बघ. लग्न करायचं असेल तर करून टाका. धंद्याच्या वेळात शेंगदाणे नकोत." आणि नंतर आयुष्यभर जो भेटेल त्याला सांगत सुटले, "दुकानातला सगळ्यात चांगला जोडा मी फुकटात घालवला!"

लग्नानंतरही काकू माळ्यावरच राहिल्या. सकाळी दोघं बरोबर निघायचे, दुकानात शिरले की एक वर जायचा, एक खाली. मध्ये फळ्यांचं छत. दुपारी डबा खायला तेवढ्या त्या खाली यायच्या. लेक झाली तेव्हा काही महिने वरचं काम दुसऱ्या कुणीतरी पाहिलं. त्या दिवसांत काकांनी खोक्यांचा मार पुन्हा खाल्ला, आणि बायकोनं लवकर कामावर यावं म्हणून बाळाला रात्रंदिवस खांद्यावर घेऊन फिरले.

दिवस असे भराभर गेले. मग मालक थकले. त्यांची मुलं दूरदेशी, त्यांना बुटांत रस नाही. इमारतच विकायची ठरली. शेवटच्या आठवड्यात रिकाम्या खोक्यांचे ढीग, पुसट झालेल्या पाट्या, आरशांवर धूळ. शेवटच्या संध्याकाळी माळा झाडून झाला. काका खाली उभे, एकटे. वरून आवाज आला.

"खाली कोण आहे?"

"मीच आहे. आणखी कोण असणार?"

"नंबर?"

काकांनी सवयीनं दोन्ही हात वर केले. "आठ."

खोका आला. त्यांनी झेलला. आत तपकिरी बूट होते, जाड सोलाचे, दुहेरी टाक्यांचे. कुणीतरी मोठ्या हौसेनं सांगून बनवून घेतलेले, आणि मग तो माणूस न्यायला फिरकलाच नव्हता. काकूंनी ते कोपऱ्यात मागे सारून ठेवले होते. किती वर्षं, ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

तेच हे बूट. काकांनी ते मनापासून वापरले. दर सुट्टीला जुना बनियन बोटाला गुंडाळून पॉलिश. दोनदा सोल बदलून झाला, टाचा तर विचारायलाच नको. काकूंनीच दिलेले, पण काकूंचा त्यांच्यावर काडीचाही जीव नव्हता. त्यांच्या लेखी बूट म्हणजे खोक्यातला माल. आला, गेला.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. दाताची चौकशी बाजूला राहिली, बुटाचंच पुराण सुरू झालं.

"बाबा, मी इथून मागवते. परवा दारात येतील. नंबर सांगा फक्त."

"अगं, पाय इकडे, बूट तिकडे, आणि तू तिसरीकडे. बूट काय असे येतात का?"

"सगळ्या जगाचे येतात बाबा."

"म्हणूनच सगळं जग लंगडतंय."

"आईकडे द्या फोन."

काकूंनी फोन घेतला आणि दोघी बराच वेळ हसत राहिल्या. काका तेवढ्यात बूट घेऊन गॅलरीत जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी गाल उतरला आणि काका दुरुस्तीवाल्याकडे निघाले. हा दुरुस्तीवाला पूर्वी दुकानासमोरच्याच फूटपाथवर बसायचा, आता पादचारी पुलाच्या जिन्याखाली त्याची जागा होती. धिप्पाड माणूस, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली, मांडीवर लोखंडी ठोकळा. दोघांची जुनी स्पर्धा. रस्त्याच्या मधोमध उभं राहून माणसं ठरवायची, इकडे जाऊ की तिकडे; दुरुस्त करू की नवेच घेऊ. काका दारातून हसून बघायचे, तो फूटपाथवरून हातोडी वाजवायचा. एकमेकांची गिऱ्हाइकं पळवण्यात दोघांनी आयुष्य घालवलं, आणि पावसात मात्र तो दुकानाच्याच पायरीवर येऊन बसायचा.

काकांनी पिशवीतून बूट काढले तसा तो हातातलं काम ठेवून सरळ बसला.

"थांबा, थांबा. आधी तोंडानं म्हणा."

"काय म्हणू?"

"'दुरुस्त होईल का?' असं म्हणा. तुमच्या तोंडून हे ऐकायचं फार दिवसांपासून मनात होतं."

"चेष्टा पुरे. होईल का, सांग."

त्यानं बूट हातात घेतला आणि चेष्टा खरंच थांबवली. पुढचा भाग दोन्ही अंगठ्यांनी वाकवला. पंजाजवळ जिथे बूट रोज दुमडतो तिथे बारीक भेगा पडल्या होत्या. पॉलिशनं त्या बुजवून बुजवून काकांनी आपल्यापुरत्या नाहीशा केल्या होत्या. दुरुस्तीवाल्यानं आरीचं टोक कडेला टेकवलं, जरासंच दाबलं, आणि कातड्याचा कण बिस्किटासारखा गळून पडला.

"सोल नवा लावू शकतो. आत्ता लावतो. पण टाका धरायला वर काही राहिलं नाही काका. मी शिवणार आणि शिवणीशेजारी फाटणार. आठवडाभर चालाल."

"सोल्यूशननं चिकटवून?"

"चार दिवस."

"दुसऱ्या कातड्याची पट्टी लावली वरून?"

"मग तो बूट तुमचा राहील की पट्टीचा?" तो म्हणाला. "दुसरं कोणी असतं तर मी काम घेतलं असतं. तुमचं घेत नाही. ठेवून जा इथेच, मागचं कातडं बरं आहे, कुणाच्या तरी उपयोगी पडेल."

काकांनी बूट ठेवले. चहा मागवला, इकडच्या तिकडच्या गप्पा मारल्या, उठले, जिन्यापर्यंत गेले, परत आले आणि बूट उचलून पिशवीत टाकले. दुरुस्तीवाला मान खाली घालून ठोकत राहिला. असल्या माणसांची त्याला सवय होती.

पुढचे काही दिवस काका सगळीकडे चपला घालूनच गेले. वाचनालयात, भाजीला, वीजबिल भरायला. बूट दाराजवळच्या फळीवर. एक मिटलेला, एक उघडा. काकू येता-जाता बघायच्या आणि गप्प बसायच्या. मालकांचीच भाची ती. शेवटी एका सकाळी त्यांनी पर्स काखेला मारली.

"चला."

"कुठे?"

"बुटांच्या दुकानात. मीच येते. तुम्ही एकटे गेलात तर तिथल्या पोरांना धंदा शिकवून हात हलवत परत याल."

नवं दुकान मोठ्या रस्त्यावर होतं. सगळी काच, मंद गाणी आणि थंडगार हवा. खोके भिंतीला उघड्यावर रचलेले. ज्यानं त्यानं आपले काढावेत, घालून बघावेत. काका दारात थबकले. त्यांचे डोळे आपसूक छताकडे गेले. छत कोरं होतं, दिवे लावलेलं.

एक तरुण मुलगी पुढे आली. कानाला छोटा माईक लावलेली, हसतमुख. "काय दाखवू काका?"

"आठ. तपकिरी. नाडीचा," काका म्हणाले. आवाज नकळत मोठा निघाला होता; दोन-तीन माणसांनी वळून पाहिलं. काकूंनी तोंडाला रुमाल लावला.

मुलीनं तेच शब्द माईकमध्ये हळू आवाजात सांगितले, आणि आतल्या दारातून एक जण खोका घेऊन आला. म्हणजे इथेही कोणीतरी न दिसणारं होतंच. काकांना उगाच बरं वाटलं.

बूट चांगला होता. हलका, मऊ, आत गादी. काका चालून बघत होते, वळत होते, पुन्हा बसत होते. टाचेला सैल वाटतो म्हणाले. दुसरा आला, तो पुढे घट्ट. तिसरा बरोबर बसला तर म्हणाले, रंग फार लाल आहे. मुलगी न कंटाळता आणत होती. काकूच थकल्या. त्या समोरच्या बाकावर टेकल्या, टाचेनं टाच दाबून आपले बूट काढले आणि पाय चोळायला लागल्या.

नाडी बांधता बांधता काकांची नजर तिकडे गेली.

तो पाय त्यांनी रोज पाहिला होता. घरात, अंथरुणात, ओल्या फरशीवर. पण समोर बाकावर बसलेल्या गिऱ्हाइकाचा पाय म्हणून कधीच पाहिला नव्हता. करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली. अंगठ्याच्या सांध्याला गाठ, बाजूला लाल घट्टा. टाचेवर कधीकाळच्या फोडाचे वण. असे पाय त्यांना चांगले ठाऊक होते. चुकीच्या नंबरात वर्षं काढलेल्या माणसाचे पाय.

"हे असं कधीपासून आहे?"

"काय?"

"पाय दुखतात म्हणालीस तेव्हा मी तुला गुडघ्याचं तेल आणून दिलं."

"गुडघेपण दुखतात की," काकू म्हणाल्या.

काका एका पायात नवा बूट आणि एका पायात नुसता मोजा अशा अवस्थेत उठले. "पोरी, पाय मोजायची पट्टी आहे का तुमच्याकडे? लोखंडी?"

मुलीनं काउंटरखाली शोधाशोध केली. एक निघाली, कागदातच गुंडाळलेली. काकांनी स्टूल ओढलं आणि बसले. मुलीनं लांब दांड्याचा प्लास्टिकचा चमचा पुढे केला. "याला वाकावं लागत नाही काका."

"वाकायचंच आहे मला," काका म्हणाले.

"अहो, लोक बघतायत!" काकू कुजबुजल्या.

"उभी राहा. दोन्ही पायांवर सारखा भार दे. माझ्याकडे बघू नकोस, समोर बघ."

ही वाक्यं ते किती माणसांना म्हणाले असतील, त्याची गणती नव्हती. त्यांनी टाच पट्टीत बसवली, सरकती पट्टी अंगठ्याला टेकवली आणि वाचलं. पुन्हा वाचलं. दुसरा पाय मोजला.

"सात. डावा तर थोडा जास्तच. आणि पंजा रुंद. तू आयुष्यभर सहा घालत आलीस."

"असेल."

"असेल काय! सांगितलं का नाहीस?"

काकूंना खरंच हसू आलं. "काय सांगायचं त्यात? मला मिळायचे ते काचेच्या कपाटातले. आठवतं ना? जोडातला एक बूट कपाटात मांडायचा, एक खोक्यात ठेवायचा. वर्षभरानं कपाटातला उन्हानं फिका पडायचा आणि जोड कोणी घ्यायचं नाही. मामा मला द्यायचे. कपाटात मांडायला कायम सहा नंबरच असायचा, तो छान दिसतो म्हणून. एक पाय गडद, एक फिका. मला फार आवडायचं ते. असे बूट गावात दुसऱ्या कुणाकडे होते?"

"पण टोचत नव्हते?"

"पायात असायचे कुठे? दिवसभर तर मी अनवाणी. माळ्यावर बूट घालून चाललं की फळ्यांतून धूळ पडायची गिऱ्हाइकांच्या डोक्यावर. मामांनी पहिल्याच दिवशी काढून ठेवायला लावले होते." त्या थोडं थांबल्या. "दुकान बंद झाल्यावर मात्र टोचायला लागले. पण सवय झाली होती सहाची. दुकानात गेलं की तोंडातून सहाच निघायचं."

काका पाय तसाच हातात धरून बसले. गावातल्या निम्म्या लोकांचे पाय त्यांनी हातात घेतले होते. शाळेत जाणाऱ्यांचे, नवऱ्यामुलांचे, नोकरीच्या पहिल्या दिवसाला निघालेल्यांचे. आणि डोक्यावर फक्त एका फळीच्या अंतरावर हे पाय इकडून तिकडे चालत होते. चालण्याचा आवाज त्यांना ऐकू यायचा. नुसत्या आवाजावरून ती काळ्यांकडे आहे की तपकिरींकडे, तेही कळायचं. पण आवाजाला काही नंबर नसतो.

"सोडा आता," काकू हळूच म्हणाल्या. "मुंग्या आल्या पायाला."

काकांनी मुलीकडे पाहिलं. "सात. रुंद पंजाचा. मऊ कातडं, पुढे शिवण नको. रंग..." ते काकूंकडे वळले. "रंग कुठला?"

काकूंनी जराही विचार केला नाही. "निळा."

निळा आला. काकांनी आतून हात फिरवून पाहिला, नाड्या पार सैल केल्या, जीभ वर ओढली आणि खिशातला पितळी चमचा टाचेमागे धरला. पाय आत गेला. करंगळीपाशी त्यांनी वरून बोट दाबलं, जागा होती. काकू उभ्या राहिल्या, चार पावलं गेल्या, वळल्या. पुन्हा थोड्या पुढे गेल्या. मग दुकानाच्या टोकापर्यंत गेल्या आणि तिथूनच म्हणाल्या, "अहो, हे तर पायात आहेत असं वाटतच नाही."

काका अजून स्टुलावरच होते. काकू परत आल्या आणि त्यांच्या एका पायातल्या नव्या बुटाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "आणि हा चांगला दिसतोय. दुसरा घाला."

"घरी ते आहेत ना..."

"खूप सेवा केली हो त्यांनी," काकू गंभीर चेहऱ्यानं म्हणाल्या.

काकांनी चमकून वर पाहिलं. ते वाक्य समोरून कसं ऐकू येतं, ते त्यांना पहिल्यांदाच कळत होतं. सौम्य होतं आणि पळवाट ठेवणारं नव्हतं. ते खो खो हसत सुटले. समोरची मुलगीही काही न कळता हसली. मग त्यांनी दुसरा बूट घातला आणि नाडी बांधली.

जुने बूट त्यांनी दुसऱ्या दिवशी स्वतः पुलाखाली नेऊन दिले. या वेळी लगेच उठले नाहीत. दुरुस्तीवाल्यानं बूट ठोकळ्यावर उलटे घातले, सोल काढला, टाचेचे थर एकेक करून सोडवले. मग पातळ सुरीनं मागचं कातडं शिवणीवरून कापून घेतलं. आतल्या बाजूचा तो तुकडा पहिल्या दिवसाच्या रंगाचा होता, दाट आणि लालसर. काकांना वाटलं होतं, बघवणार नाही. पण काम सफाईचं होतं, आणि कामाची सफाई बघायला त्यांना जन्मभर आवडत आलं होतं.

"ही जीभ बघा," दुरुस्तीवाला म्हणाला. "नवी कोरी. हिला ऊन लागलंच नाही कधी. शाळेच्या दप्तराचा पट्टा तुटून आलाय एक, त्याला होईल."

"हो, दे. चांगलं आहे ते."

"नवे कसे आहेत?"

"मऊ आहेत," काका म्हणाले. "जरा बोलतात."

खरंच बोलायचे ते. पाऊल टाकलं की करकर. काकूंचे मात्र मुके. आता दोघं रोज सकाळी फिरायला निघायला लागले. आधी कोपऱ्यापर्यंत, मग बागेपर्यंत, आणि एक दिवस काकू म्हणाल्या, पाण्याच्या टाकीच्या चढावर जाऊ. त्या चढावर त्या लेकीच्या शाळेच्या दिवसांनंतर गेल्या नव्हत्या. काकांनी गुडघ्यांची आठवण करून दिली. "गुडघे घेऊनच येते की," त्या म्हणाल्या.

गुडघे कुरकुरले, पण त्या चढल्या. अध्येमध्ये थांबत, भिंतीला हात लावत, घरांची रंगरंगोटी बघत. उलट काकाच मागे पडले. नव्या बुटानं टाचेला चावा घेतला होता. टाकीपाशी पोचल्यावर ते कठड्यावर बसले, बूट काढला आणि मोजा खाली करून पाहिलं. टपोरा फोड.

"दाखवा," म्हणत काकू शेजारी बसल्या. त्यांनी टाच मांडीवर घेतली, उजेडात धरून पाहिली आणि पर्समधून चिकटपट्टी काढली.

"आता कशाला पाय धरतेस? लोक बघतील."

"बघू देत."

खाली सगळा गाव दिसत होता. बाजाराच्या रस्त्यावर, जिथे दुकान होतं तिथे, आता उंच इमारत उभी होती. सकाळचं ऊन तिच्या सगळ्या खिडक्यांवर एकदम पडलं होतं. दोघांनी तिच्याकडे पाहिलं. काका म्हणाले, त्या इमारतीला निदान लिफ्ट तरी असेल, शिडी चढायला लागत नसेल कुणाला. काकू म्हणाल्या, शिडी काही वाईट नव्हती. पट्टी नीट बसली का, ते त्यांनी अंगठ्यानं दाबून पाहिलं, मोजा वर ओढला आणि बूट त्यांच्या हातात दिला.

"नाडी जरा सैल बांधा. उतरताना पाय पुढे सरकतो."

"मला सांगतेस?"

"मग कुणाला सांगू?"

काकांनी नाडी सैल बांधली. दोघं उठले आणि उतार उतरायला लागले, काकू थोड्या पुढे, काका करकरत मागे.